नावापुरतं

तार्तूच्या संग्रहालयात, तळघरात,
विर्वे लेपिक चिठ्ठ्या लिहिते.
एकोणतीस वर्षं. काळी शाई, तिरकी अक्षरं,
आधी आडनाव, मग नाव,
शाळेच्या हजेरीत असतं तसं.

आज लायलॅक: सिरिंगा व्हल्गारिस.
काल खार: स्क्युरस व्हल्गारिस.
त्याआधी मैनेच्या कुळातला तो ठिपकेदार स्टारलिंग,
आणि तिच्या डब्यात, काळ्या पावाशेजारी,
उकडलेलं बीट.
तेही व्हल्गारिस.

खारीचं बिटाशी काय नातं?
सख्खं नाही, चुलत नाही,
एकमेकांचं सुतकसुद्धा लागत नाही.

मेणबत्ती संपत आली असताना
कुणीतरी खिडकीबाहेर पाहिलं असेल,
जे दिसलं ते पुष्कळ होतं,
म्हणून लिहिलं: सामान्य.
दुसऱ्या गावात दुसऱ्यानंही तेच.
जीव अपार, विशेषणं मूठभर.

विर्वेला यात नवल वाटत नाही.
तिच्या खापरपणज्याला आडनावच नव्हतं.
जमीनदाराच्या कारकुनानं एका दुपारी
रांग लावून वाटली:
तू ओक, तू बर्च, तू फर.
झाडं संपली की पुन्हा पहिल्यापासून.
लेपिक म्हणजे आल्डरची राई.
रांगेतला तिसरा लेपिक,
एकविसावाही लेपिक.
दोघांनी मागे वळून पाहिलंही नसेल.

एकोणपन्नासच्या मार्चमध्ये
यादीत होती एल्ला लेपिक, गिरणीवाली.
सैनिकांनी नेली एल्ला लेपिक, शिवणवाली,
विर्वेची आत्या.
गाडी पूर्वेकडे गेली.
शिवणयंत्राखाली अर्धी बाही राहिली.

गिरणीवाली खूप जगली. अठ्ठ्याऐंशी.
दर जूनमध्ये स्मशानात यायची,
खाली कुणीच नसलेल्या त्या दगडापाशी
लायलॅकचा तुरा ठेवायची.
कुणी विचारलंच तर म्हणायची,
"नात्यातलं नाही कुणी.
नावातलं आहे."

आजच्या फांदीत
एक फूल पाच पाकळ्यांचं निघालं.
चारच असतात एरवी.
असं सापडलं तर खाऊन टाकायचं, नशीब उघडतं,
इथलं पोरंसोरंही जाणतं.
विर्वे दाराकडे बघते,
नमुन्यातून तेवढंच खुडते,
चावते.
कडू.

मग टाक बुडवते,
आणि लिहून टाकते, एका दमात:
व्हल्गारिस.