अठरा लंगोट, दिवसाआड नळ

कपडा बाजारात दुकानदार म्हणाला,
"मलमल? किस काम की, भिया?
परदा, पगडी, के भगवान का वस्त्र?"
मी म्हटलं, लंगोट.
त्यानं ठाण उलटून मऊ बाजू दाखवली,
मीटरभर जास्तच फाडलं
आणि त्या मीटरचे पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर कळलं, नवं कापड पाणी पीत नाही.
थेंब त्यावर नुसता उभा राहतो,
पहिल्या दिवाळसणाच्या जावयासारखा, अंग चोरून.
"आधी चारदा धू," देवासहून फोनवर कुंदाताई,
"खळ जाऊ दे त्याची. मग बांध."

धुतलं चारदा, बाळाशिवायच.
सुदामा नगरच्या गच्चीत तारेवर अठरा कोरे लंगोट.
पलीकडून मंडलोईभाभी: "हो गया क्या?"
"नहीं भाभी, अभी रियाज चल रहा है."

मग ती आली. दोन किलो आठशे.
पहिला लंगोट मी बांधला, तो तिच्या घोट्यांवर सापडला.
दुसऱ्याला केतकी म्हणाली, हे रजिस्टर पार्सल कुणाला?
तिसरा नीट बसला,
आणि गाठ पुरी व्हायच्या आत
माझ्या तळहाताला ऊब लागली.

आता हिशेब.
लंगोट अठरा, दिवसाला लागतात चौदा,
नर्मदेचं पाणी एक दिवसाआड.
पहाटे साडेपाचला नळ खाकरतो
आणि पीथमपूरच्या कारखान्यात चाळीस माणसांची पाळी लावणारा मी
दोन बादल्यांपुढे उकिडवा बसतो.
शू एकीत. शी दुसरीत.
शी आधी गार पाण्यात,
गरम ओतलंस तर डाग जन्माचा बसेल.
साबण थोडा, खळबळणं फार.
ते सुगंधी निळं पाणी नको,
त्यानं कापड पुन्हा प्यायचं विसरतं.
हे सगळं ताईचं. मी फक्त पिळतो.

रात्री मात्र विकतचा, एकच.
"व्रत नाही घेतलंय," ताई म्हणते, "झोपा दोघं."
सकाळी कचऱ्याची गाडी गात गल्लीत शिरते,
तिच्या वेगळ्या डब्यात ती घट्ट पुडी टाकतो
आणि पुन्हा तारेकडे.

डिसेंबरात तीन दिवस धुकं.
काही म्हणून वाळेना.
इस्त्रीखाली लंगोट वाफा सोडत होते,
घरभर वास, भाताच्या पेजेचा की कशाचा,
केतकी हसता हसता रडली,
मग नुसतीच रडली.
मी फोन लावला.

ताईनं सांगितलं: पंख्याखाली खुर्च्या मांड,
पाठीवर एकेक, दुहेरी नको, एकेरी.
मी म्हटलं, तुला गं कसं इतकं माहीत?
आणि जीभ चावली.
ताईच्या घरी पाळणा हलला नाही,
ते आम्ही कुणी बोलत नाही.

"तुझेच की," ती म्हणाली.
"जुन्या इंदुरात, हापशावर.
आई टायफॉइडनं पडलेली,
मी चौथीत.
हापशाचा दांडा माझ्याहून उंच,
लोंबकळायचे नि पाणी यायचं."

मला त्या वर्षाची एवढीच आठवण दिली गेली होती:
ताईच्या प्रगतिपुस्तकातली गणिताखालची लाल रेघ.
तिच्यावरून मी तिला
लग्नात विहिणींसमोरसुद्धा चिडवलंय.

फोनवर पंख्याचा आवाज.
माझा, की तिच्याकडचा.
"पिवळा डाग राहिला तर?" मी विचारलं,
दुसरं काही सुचलं नाही.
"घासू नकोस. ओलाच उन्हात टाक,
आणि सारखा बघायला जाऊ नकोस."

चौथ्या दिवशी ऊन पडलं.
मी तीनदा बघून आलो.
वाऱ्यानं एक उडून भाभींच्या पापडांवर बसला,
त्यांनी तो चिमटा लावून परत केला,
चिमटा त्यांचाच, अजून आमच्याकडे आहे.

रविवारी ताई देवासच्या बसनं आली.
चप्पल काढली, पाणी नको म्हणाली,
बाळ झोपलंय म्हटल्यावर सरळ गच्चीवर.
तारेवरचा एक लंगोट बोटांत धरला,
गालाला लावला.
"कडेला ओल आहे अजून," म्हणाली
आणि उलटून घातला.