बेचिराख

दप्तरात एवढंच आहे :
मौजे बोरखळी खुर्द, बेचिराख.
निजामाच्या कुणा कारकुनाने बोरूने ओढलेली ओळ,
नंतर कुणी खोडली नाही.
आपण त्यात राख ऐकतो.
मूळ शब्द चिराग. जिथं दिवा लागत नाही, ते.

मांजरेच्या या अंगाला सगळी काळी,
पाय धरून ठेवणारी.
मधेच हे पांढरीचं टेकाड.
शेजारच्या वाड्यांनी दर उन्हाळ्यात गाड्या भरभरून
इथली माती नेली माळवदावर घालायला.
उठून गेलेलं गाव असं थोडं थोडं
नांदत्या घरांवर बसून पाऊस अडवत राहिलं.

आम्ही फेब्रुवारीत खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या.
माझं काम चित्रांचं :
खापराची कड, जाडी, झुकाव,
आलेखाच्या कागदावर.
वर निघालं ते आपल्याच काळातलं, बाटलीची बुचं, गुटख्याच्या पुड्या.
मग काचेच्या बांगड्या.
मग जात्याची खालची तळी, वरची नाही.
नांगराचा फाळ एकही नाही.
म्हणजे पळाले नसावेत, बांधाबांध करून गेले.
खालची जड म्हणून राहिली,
की परत यायचं होतं?

गाव का उठलं?
सर म्हणतात, नदी सरकली असेल.
तलाठी म्हणतो, पटकी.
वाडीतले निवृत्तीआबा म्हणतात, मुंग्या.
तांबड्या मुंग्या.
दुसऱ्या कुठल्याच कारणाला त्यांनी मान हलवली नाही.

एक पेव लागलं, तोंडावर दगड तसाच.
बालाजीला आत सोडायच्या आधी
दोरीला कंदील बांधून खाली सोडला,
हवा विषारी आहे का बघायला, जुनी रीत.
विझला नाही.
पेव रिकामं होतं, घासून पुसून रिकामं.
दप्तराच्या हिशेबाने मात्र
तेवढी दहा मिनिटं बोरखळीत दिवा होता.

चूल सापडली त्या दिवशी मी तापाने झोपलेलो,
दुसऱ्या दिवशी गेलो तर सरांनी लिहून ठेवलेलं :
चूल, दुमुखी, थर दुसरा, राख नाही.
चतुराबाईने घमेलं खाली ठेवलं, वाकली.
"डावखुरी व्हती."
कोण?
"हिची धनीण. बोटं बगा की कुनीकडं गेलीत."
चुलीच्या अंगावर तीन बोटांच्या पन्हाळी,
आपण सारवतो त्याच्या उलट वळलेल्या.
चतुराबाईने डावा हात वरून हवेतच फिरवला,
टेकवला नाही. तसं आम्हीच बजावलं होतं.
मग बराच वेळ बघत राहिली.
"काजळी न्हाई ह्याच्यावर.
सारवल्यावर पेटवलीच न्हाई तिनं.
सारवून गेली, माय."

नोंदवहीत 'विशेष'च्या रकान्यात मी लिहिलं : डावखुरी.
सरांनी पेन्सिलीने गोल केला,
शेजारी प्रश्नचिन्ह.

मे संपता संपता चुलीवर प्लास्टिक अंथरलं
आणि काढलेली सगळी माती परत लोटली.
शेवटच्या हजेरीचा अंगठा देऊन
चतुराबाईने विचारलं, ही उरलेली नेऊ का?
घमेलंभर पांढरी डोक्यावर घेऊन
ती वाडीच्या वाटेला लागली.
तिचं माळवद गळायलं होतं
चुलीच्या बाजूला.