मोटार काढू का?

भूपाल मगदूम दारात उभे, गुडघ्यापर्यंत चिखल.
"जिनमती, काय म्हणतंय गं तुझं?
मोटार काढू का ठेवू?"

माझं अजून काहीच म्हणत नाही, काका.
पडद्यावर तीन खिडक्या उघड्या आहेत.
एकीत कोल्हापूरकडचं धरण, मराठीत, क्युसेकमध्ये.
दुसरीत आपल्याकडचा बंधारा, कानडीत,
मीटरमध्ये, आणि तेही समुद्रापासून मोजलेले.
मलिकवाडच्या माणसाचं समुद्राशी काय देणंघेणं?
तिसरीत पाऊस, इंग्रजीत,
आधी महिना, मग दिवस.
नशीब आज आठ-आठ आहे,
उलटं वाचलं तरी आठ ऑगस्टच.
काल मात्र सात ऑगस्टचा सगळा पाऊस
माझ्याकडे आठ जुलैला पडला होता.

क्वेरी लिहिते.
यातलं हे घे, त्यातलं ते,
गावाच्या नावावर जोड.

शून्य ओळी.

कारण एकीकडे मलिकवाड,
कानडीतनं उतरलेलं माळिकवाड,
आणि इंग्रजीत मलिक नि वाड यांच्यामध्ये
एक मोकळी जागा, बैलगाडी जाईल एवढी.
तीन गावं एकमेकांकडे बघत नाहीत.
दूधगंगेचा दू तर
कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे नुसताच डी.

मग चौथा तक्ता मीच केला.
एका गावाची सगळी नावं एका रांगेत बसवली,
लग्नाच्या पंगतीला सोयरे बसवतात तशी,
कोण कुणाला ओळखतो ते न विचारता.
मीटरचे फूट केले.
समुद्र वजा केला.
काका उंबऱ्यावर बसले होते,
पायाचा चिखल वाळून सोलत.

आली. एक ओळ आली.
"ठेवा काका," म्हणणार होते.
तेवढ्यात धरणाचा आकडा दिसला:
परवा तोच, काल तोच, आज तोच, दशांशासकट.
ऑगस्टात धरण असं गप्प बसत नाही.
बसला असेल तो आकडा भरणारा.

पलीकडे दत्तवाडला फोन लावला,
काकांचा भाचा सन्मती, जेवत होता.
"पुलावर जा की रे जरा. खांबावर टॉर्च मार."
वारा, चपला, पुन्हा वारा.
त्याच्या मागे कुणीतरी ओरडत होतं, "नीर बंतु, नीर बंतु!"
"अकरावा पट्टा गेला, वहिनी.
बाराव्याला चाटतंय."

लिहून घेतलं.
स्रोत: सन्मती. वेळ: नऊ पन्नास.
शेरा: टॉर्चचा सेल उतरलेला.
पुन्हा चालवली क्वेरी, चार ठिकाणांहून.
पहाटे तीनपर्यंत दीड फूट, कदाचित दोन.

"काढा," म्हटलं.
काकांनी मान हलवली, चप्पल शोधली,
अंधारात हाका मारत गेले.

सकाळी नदी चौथऱ्याखाली दोन बोटांवर थांबलेली.
गढूळ, शांत, वर एक प्लास्टिकची खुर्ची वाहत चाललेली.
मोटार काकांच्या अंगणात,
पोत्याखाली झाकून ठेवलेली.

मी तोंड लपवून चालले होते.
"चार गडी," काका म्हणाले, "रात्रीचे दोन हजार, वर चहा.
ते पण लिही की तुझ्या त्या ह्याच्यात."

घरी येऊन एक रकाना वाढवला: मजुरी.
आधीच्या सगळ्या तारखांपुढे तो रिकामाच आहे.
भरायला कुणाकडे जाऊ, विचारत बसलेय.