डब्यातलं सतरावं शतक

शाळेत एक बिस्किटांचा डबा आहे, पत्र्याचा,
झाकणावरचा राजहंस गंजून तांबडा झालेला.
ओहोटीला खाडी मागे सरकली
की साखरकोंडची पोरं मुळे काढायला चिखलात उतरतात
आणि मुळ्यांसोबत खापरंही आणतात:
मडक्याची, कौलांची, कधी एखाद्या बरणीचा कान.
मी ती धुतो, वाळवतो, चिठ्ठ्या चिकटवतो.
या कामाची मला चटकच लागली आहे,
बदलीचा अर्ज तीन वर्षं खणात पडून आहे.

सफिया होडेकरला एक निळ्या वेलीचं मिळालं,
गुळगुळीत. नखाने वाजवलं तर अजून किणकिणतं.
त्या दिवशी भूगोलाचा तास मी इतिहासाला दिला.
फळ्यावर समुद्र काढला, एक गलबत काढलं,
चीनहून निघालेलं, मलाक्का, कोचीन करत
आमच्या किनाऱ्यापर्यंत आलेलं
आणि इथल्याच कुठल्याशा खडकावर फुटलेलं.
म्हटलं, बघा, जग आपल्या दारात येत होतं
आणि आपण दार उघडं ठेवत होतो.
वाक्य मलाच आवडलं.
विघ्नेश भाटकरने ते चौकट करून वहीत लिहिलं.
चिठ्ठीवर मी लिहिलं:
चिनी माती, बहुधा सतरावं शतक.

पालकसभेला धाकू तांबे आले,
मैत्रीचे आजोबा, प्रगतिपुस्तकावर सही करायला.
खुर्चीत बसले, पण पाठ टेकली नाही.
डबा उघडाच होता.
ते निळं खापर त्यांनी उचललं, काठावरून अंगठा फिरवला,
फिरवतच राहिले.

"ह्यो काठ वळकतो मी.
खोतांच्या पडवीला वळचणीत खोचलेला आसायचा,
आमच्यासाठी येगळा कप.
आपणच काढायचा, आपणच धुवायचा,
आपणच परत खोचायचा.
वरनं च्या ओतायचे, हात लांब करून.
कवा कवा आत कोळी जाळं विणून बसलेला.
त्याला तरी कोण जागा देणार दुसरी?"

हसले. मग हसले नाहीत.

"छप्पन साली चुलता मुंबैवरनं आला.
रातभर बोलत होता, कंदिलातलं तेल संपलं तरी बोलत होता.
सकाळी आये खोतांकडं गेली.
वळचणीतनं कप काढलान.
धुवलान नाय.
तशीच खाडीवर चालत गेली, मी मागनं, आठ वर्सांचा.
खडपावर आपटलान.
आवाज येवढासाच झाला, सर.
मला वाटलेलं, मोठा होईल."

मी झिलईबद्दल काहीतरी बोलू लागलो,
विलायती कप, चिनी कप, बुडाची कड,
आणि मधेच थांबलो.
ते म्हणाले,
"आसंल. तुमचं जहाज पण आसंल.
खाडी मोठी हाय."

एकेक अक्षर थांबून सही केली त्यांनी,
आडनाव संपल्यावर खाली रेघ ओढली, ठसठशीत.

संध्याकाळी मी खोतवाडीवरून गेलो.
पडवी आहे अजून. आता तिथं होमस्टेची पाटी,
झोपाळ्यावर पुण्याची दोन पोरं मोबाईलमध्ये.
कुणी बघत नाही असं पाहून
मी वळचणीत हात घातला.
बोटांना जाळं चिकटलं.

घरी येऊन चिठ्ठीवरचं 'सतरावं' खोडलं.
पुढे काय लिहावं सुचलं नाही,
तसंच डब्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रीने
वहीतून मान वर न करता विचारलं,
"सर, परीक्षेत काय लिहायचं?
फुटलं, की फोडलं?"

बाहेर भरती लागली होती.
उशिरा आलेली पोरं पंपाखाली पाय धूत होती.
फळ्यावरचं गलबत
अजून कुणी पुसलं नव्हतं.