डोळा भरणं

बोर्बाला फाटकातच अडवते मला:
"पिवळा म्हणून विकलास ना, वेंडेल? मग हे बघ."
बघतो. गुडघ्याला माती लागू देऊन बघतो.
फिकट गुलाबी, मोजून पाच पाकळ्या,
मधे केसरांचा पिवळा चुरा.
तेवढाच काय तो पिवळा उरलाय.

सोरेगच्या शेतात चाळीस वर्षं मी हेच करतो:
ऑगस्टच्या उन्हात ओणवा,
रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरायची,
त्यात परक्या गुलाबाचा डोळा भरायचा,
रबराची पट्टी, की पुढचं रोप.
दिवसाला हजार-बाराशे डोळे.

"माती बदलली असेल. का कॉफीचा चोथा जास्त झाला?"
"नाही गं. काहींचा रंग उडतो खरा,
सकाळी जर्दाळू, तिसऱ्या दिवशी ताक.
पण तुझ्या झाडानं काहीच बदललेलं नाही.
जानेवारीत मारोस गोठली
तेव्हाच तुझा पिवळा मेला.
हा दुसरा. पहिल्यापासून खाली होता,
बारा वर्षं त्याला पाणी चढवत."

कात्री हातातच आहे.
"उपटू? नवा देतो, अर्ध्या पैशांत."

तेवढ्यात खिडकीतून तिची आई काहीतरी म्हणते.
आपोलोनिया, चौऱ्याऐंशीची.
त्याच जानेवारीत झटका आला, हंगेरियन पुसली गेली.
उरली ती श्वाबी बोली,
जिच्यापायी शाळेत हातावर पट्टी बसायची,
जी तिनं घरात कुणाला शिकवली नाही.
सत्तर वर्षं आमच्याच भाषेत भांडली,
बाजारात घासाघीस केली,
पोरीला निजवलं.

बोर्बालाला कळत नाही. मलाही.
"पाणी हवंय, आई?"
पाणी नको असतं.
शब्द पुन्हा येतो, तोच, मऊ,
शेवटी ओठ मिटवणारा.
बोर्बाला तो मोडकातोडका म्हणून बघते.
म्हातारी बोट हलवते: अंहं.
आणि सावकाश, पोराला शिकवावं तसा,
परत म्हणते.

मी गुडघा झटकतो.
कात्री खिशात जाताना लक्षात येतं,
इतके डोळे भरले या हातांनी,
खुंटाचं फूल कधी थांबून पाहिलं नव्हतं.
वासही आहे त्याला, थोडा, सफरचंदासारखा.

"ऑक्टोबरात लाल फळं धरतील," मी म्हणतो,
"चहाला चांगली."
तिचं लक्ष नाही.
खिडकीखाली उभी राहून
तो एक शब्द
तोंडात घोळवतेय.