चोख

यंत्रानं काम चोख केलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आणि पडद्यावरची ती उंच रेघ दाखवली,
हुशार मुलाची वही दाखवावी तशी.
बोगुमिल मान डोलावत राहिला.
एकतीस वर्षं ग्दिन्याच्या गोदीत वेल्डिंग केलेला माणूस,
चोख कामाला नावं कशी ठेवणार?

त्यांनी यंत्राला सगळं विचारलं.
बॅटरी किती उरली, तार जागेवर आहे ना,
मंगळवारी पहाटे तीनला काय झालं होतं.
यंत्रानं सगळं सांगितलं.
त्याला कुणी काही विचारलं नाही.
मलाही नाही.

नाहीतर सांगितलं असतं,
आमची इमारत चार मजली, लिफ्ट नाही.
दुसऱ्या मजल्यावर, रूताबाईंच्या दारासमोर
कोबी शिजल्याचा वास येत होता,
त्याच्या एका हातात बटाट्यांची पिशवी, दुसऱ्यात माझा हात,
आणि आतूनच घोड्यानं लाथ मारावी तसा तो उडाला.
बटाटे पार तळमजल्यापर्यंत घरंगळले.
माझ्याही तळव्याला झिणझिणी आली.
मुंगी चावल्याएवढी.

दवाखान्यातून आणलं तेव्हा पुतण्यांनी खुर्चीत बसवून वर नेलं.
तो मजला येताच त्यानं डोळे मिटले.
अकरा आठवडे झाले, खाली उतरलेला नाही.
वेल्डिंगला तर आधीच बंदी,
त्याच्या मुखवट्यात मी शेपू लावलाय,
बरा आलाय.
रात्री उशाशी हिरवा दिवा.
तो दिव्याकडे बघतो, मी त्याच्याकडे,
आणि दोघंही झोपेचं सोंग छान वठवतो.

एक गोष्ट यंत्रालाही माहीत नाही.
तो हात पुढे करायचा तेव्हा
माझा हात अर्धा क्षण उशिरा पोहोचायचा.
अर्धाच.
पण वेल्डरची नजर ती,
जोडातली केसाएवढी फट सुटत नाही.
बोलला नाही काही.
हात पुढे करणंच सोडलं.

काल आलुबुखार घेऊन आले ते वर गेलेच नाही.
दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसले, हाक मारली,
गुडघे धरलेत, म्हटलं.
अगदीच खोटं नव्हतं.
बऱ्याच वेळानं सपाता वाजल्या.
एक हात कठड्यावर,
दुसरा गळ्याच्या हाडाखाली, जिथे कातडीआड
काडेपेटीएवढा उंचवटा आहे तिथे.
दोन पायऱ्या वर थांबला.
इथेच? त्यानं विचारलं.
इथेच.
कोबीचा वास आजही होताच.

बसला. आलुबुखारासाठी हात पुढे केला.
मी आधी हात धरला.
घाईच केली जरा, फळ पडलं,
टप टप करत खाली गेलं.
आम्ही दोघं ऐकत राहिलो, थांबेपर्यंत.

रूताबाईंनी दार किलकिलं केलं.
किल्ली हरवली का हो?

नाही, बोगुमिल म्हणाला.
जरा बसलोय.