उभा ट्रक

वणीच्या शाळेत बोर्डावरच लिहिलं होतं :
हेवी, अठ्ठावीस हजार.
खाली बारीक अक्षरात, लायसन्सचा खर्च वेगळा.
मी बोट ठेवून शून्यं मोजली.
पंक्चरच्या टपरीवर महिन्याला सात मिळतात,
रस्त्यावर खिळे कमी पडले की पाच.

यवतमाळला फुकटची योजना होती.
फॉर्म होता, फोटो होता, साहेब नव्हते.
तिसऱ्या खेपेला साहेब होते, जागा नव्हती.
तीन खेपांचं एसटीचं भाडं सहाशे बारा.
फुकट ते एवढं.

करंजी फाट्यावर, आमच्या टपरीमागं
एक ट्रक अकरा वर्षं उभा आहे.
चाकांऐवजी विटा,
बॉनेटात इंजिन नाही, होल्याचं घरटं आहे.
केबिनमध्ये गुलाब उस्ताद राहतो.
डोळ्यांत मोती उतरला तसं त्यानं स्टेअरिंग सोडलं,
केबिन नाही सोडली.
म्हणाला, "अठ्ठावीस? बाप्पा!
माह्या लुनाचं पंक्चर काढत जाय.
एका पंक्चरले एक धडा."

त्याची लुना दर दोन दिवसांनी बसायची.
खिळा दर वेळी तोच असायचा.
मी काही बोललो नाही.

पहिले आठ दिवस नुसतं चढ-उतर.
"चढतानी तोंड गाडीकडं, उतरतानी बी गाडीकडंच.
पाठ दाखोली का पाडते थे."
मग आरसे. डावीकडं आरसा नव्हताच.
"नाही तं नाही. पाह्यची सवय लाव."
मग क्लच. दाबला की वर येत नसे,
अंगठ्याला सुतळी बांधून ओढायचा.

पण गिअर टाकायचा कधी?
इंजिनच नाही तर सांगणार कोण?
उस्तादनं हात वर केला.
मावळतीकडून वारा आला,
आणि टेकडीआडच्या क्रशरचा आवाज.
"आयकू येते? थे माही गाडी."

इंजिन त्यानं क्रशरवाल्याला विकलं होतं.
गाडी इथं, तिचा दम तिथं,
मध्ये दीड किलोमीटर पऱ्हाटी.
तिकडं मोठा दगड पडला की आवाज जड व्हायचा.
"घाट लागला. तिसरा घे!"
दगड फुटला की मोकळा.
"आली सपाटी. चौथा."
वारा पडला की उस्ताद तोंडानं आवाज काढी,
त्याला खोकला आला की मी.

असा उभ्या उभ्या मी आदिलाबादला जाऊन आलो.
देवलापारचं जंगल ओलांडलं.
एका रात्री उस्ताद घोरत असताना
एकट्यानंच पार लखनादौन गाठलं,
आणि परत येईस्तोवर उजाडलं.

शेवटचे तीन दिवस तेवढे वणीहून घेतले,
सुटे, साडेतीन हजारात.
गाडी सुरू झाली आणि समोरचं लिंबाचं झाड
सरकलं.
मी उडीच टाकणार होतो.

यवतमाळ. टेस्ट.
"कुळसंगे लोभेश. चला, घ्या."
पहिला. दुसरा.
"हा कसला आवाज?"
"साहेब, गिअर टाकतानी निघते तोंडातून."
"इंजिन चालू आहे ना?"
"हाव."
"मग तुम्ही बंद करा."

बंद केला.
तिसऱ्याला हात हवेतच राहिला.
खरं इंजिन इतकं जवळ होतं
की ऐकूच येईना.
साहेब खिडकीबाहेर बघत राहिले थोडा वेळ.
"बरं," म्हणाले, "हळू काढा."

संध्याकाळी फाट्यावर उतरलो.
उस्तादनं पास की नापास विचारलं नाही.
"उतरतानी तोंड कुठं होतं?"
"गाडीकडं."
"हं."
आणि लुनाकडं बोट केलं. मागचं चाक बसलेलं.

मी खिळा काढला, पुसला,
आणि रोजच्यासारखा
त्याच्या उशाशी ठेवून दिला.